‘आय लाइक मँगोज’मध्ये कर्ता कोण?

पत्र थोडक्यात असं: इंदूरच्या एका आजींनी लिहिलं आहे. त्या संस्कृत घेऊन बी.ए. झाल्या आहेत. नात चौथीत, इंग्रजी माध्यमात शिकते. मुलगा आणि सून दोघंही नोकरी करतात, म्हणून संध्याकाळचा अभ्यास आजींकडे असतो. सध्या शाळेत दोन-तीन शब्दांची इंग्रजी वाक्यं देऊन त्यांतले कर्ता, क्रियापद आणि कर्म ओळखायला सांगतात. आजी मराठीतून समजावतात: क्रिया करतो तो कर्ता, क्रिया ज्याच्यावर घडते ते कर्म. तरी मागच्या चाचणीत नातीची बरीच उत्तरं चुकली. ‘आय लाइक मँगोज’मध्ये तिने मँगोजला कर्ता ठरवलं. ‘बर्ड्स फ्लाय’मध्ये फ्लाय हे कर्म लिहिलं. ‘इट इज रेनिंग’मध्ये कर्त्याची जागा कोरी ठेवली आणि ‘सिट डाउन’मध्ये सिट हाच कर्ता केला. बोलताना ती ‘आय पोहा ईट’ म्हणते. सूनबाईंचं म्हणणं, मराठीतून शिकवल्यामुळेच हा घोळ होतोय. त्यांना आता ट्यूशन लावायची आहे आणि घरात इंग्रजीतच बोलायचं, असंही त्यांच्या मनात आहे. मुलगा काहीच बोलत नाही. आजी विचारतात, ‘तीन शब्दांचं वाक्य जिला सुटत नाही तिचं पुढे कसं व्हायचं? आणि माझी मराठी तिच्या आड येत असेल तर मी शिकवणं थांबवू का?’

काकू,

शिकवणं थांबवू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांतपणे वाचाल. शिकवण्यात एक बदल मात्र करावा लागेल. मराठी बाजूला ठेवायची गरज नाही, बदलायची आहे ती कर्त्याची व्याख्या.

नातीच्या चुका तुम्ही एकेक करून लिहिल्यात हे फार चांगलं केलंत. बहुतेक पत्रांत ‘मुलाचं इंग्रजी कच्चं आहे’ एवढंच असतं आणि त्यावर कोणालाच काही सांगता येत नाही. तुमच्या नातीच्या चुका वाचताना मला एक हुशार मुलगी दिसली. का ते सांगते.

‘आय लाइक मँगोज’ घ्या. तिच्या मनात हे वाक्य ‘मला आंबे आवडतात’ असं उमटतं. आता यातलं क्रियापद कोणाच्या मागे चाललंय ते बघा. आंबा आवडतो, आंबे आवडतात, कैरी आवडते. ‘मला’च्या जागी ‘तिला’ म्हणा, ‘आम्हाला’ म्हणा, क्रियापद ढिम्म हलत नाही. आंब्याची कैरी झाली की मात्र लगेच बदलतं. हिंदीतही तेच: मुझे आम अच्छे लगते हैं, मुझे रोटी अच्छी लगती है. शिवाय तुमची कसोटी लावली तर या वाक्यात ‘मी’ काय करतेय? काहीच नाही. आंबे समोर आहेत आणि ते आवडताहेत. म्हणजे मँगोजला कर्ता म्हणताना तिने तुम्ही शिकवलेलं नीट लावून पाहिलं, आणि मराठीपुरतं ते उत्तर पटण्यासारखंही आहे.

‘आय पोहा ईट’चंही तसंच. मराठीत क्रियापद शेवटी येतं, हिंदीतही शेवटी येतं. जगातल्या सर्वांत जास्त भाषांमध्ये कर्ता, कर्म, क्रियापद हाच क्रम आढळतो. जपानी, कोरियन, तुर्की, तमिळ या सगळ्या त्यातल्याच. तुमची नात घरात मराठी ऐकते आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. दोन्ही भाषांनी तिच्या कानाला एकच वळण लावलं आहे. क्रियापद मध्ये आणून बसवणारी इंग्रजी ही तिला भेटलेली पहिलीच भाषा आहे.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, ‘तीन शब्दांचं वाक्य जिला सुटत नाही...’ वाक्य जितकं लहान तितकं सोपं, हे तुम्ही धरून चालला आहात. सगळेच धरून चालतात, पाठ्यपुस्तकं लिहिणारेसुद्धा. वाचायला लहान वाक्य सोपं असेल, पण त्यातला कोणता शब्द काय काम करतोय हे ओळखायला ते अवघड असतं, कारण आधाराला दुसरं काही नसतं. ‘बर्ड्स फ्लाय’ हे दोनच शब्द. फ्लाय म्हणजे उडणं, फ्लाय म्हणजे माशीही. पक्षी आणि माशी एका वाक्यात आले तर माशी हे कर्म असणार, असं एखाद्या मुलीला वाटलं तर त्यात वावगं काय? इंग्रजीत असे दुहेरी शब्द पुष्कळ आहेत. वॉटर म्हणजे पाणी आणि पाणी घालणंही, प्लांट म्हणजे रोप आणि रोप लावणंही. म्हणून ‘वुई वॉटर प्लांट्स’ आणि ‘वुई प्लांट ट्रीज’ अशी दोन्ही वाक्यं होतात. एकट्या शब्दाकडे बघून उत्तर मिळत नाही, तो कुठे बसलाय ते बघावं लागतं.

सगळी गोष्ट इथे आहे, म्हणून जरा थांबते. तुम्ही संस्कृत शिकलात. ‘रामः फलं खादति’ यातले शब्द कसेही फिरवा, फळ रामाला खाणार नाही, कारण कोण काय आहे हे विभक्तीने सांगितलेलं आहे. मराठीतही ‘मांजराने कुत्रा पाहिला’ आणि ‘कुत्रा मांजराने पाहिला’ यांत पाहणारं मांजरच. प्रत्यय नसला तर क्रियापद मदतीला येतं: ‘मांजर उंदीर खातं’ म्हणा की ‘उंदीर मांजर खातं’ म्हणा, ‘खातं’ हे मांजराचंच, उंदराचं असतं तर ‘खातो’ झालं असतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते आणि शब्दांना बरीच मोकळीक होती. पुढच्या काही शतकांत ते प्रत्यय झिजून गेले आणि त्यांचं काम शब्दांच्या क्रमाकडे आलं. आता ‘द कॅट सॉ द डॉग’ आणि ‘द डॉग सॉ द कॅट’ यांत शब्द तेच, पण पाहणारा बदलतो.

चौथीतल्या मुलीला हे समजवायला तिच्याच गणिताच्या पुस्तकात सोय आहे. ५२ आणि २५. आकडे तेच, किंमत वेगळी, कारण जागा वेगळी. स्थानिक किंमत तिला नक्की येते. इंग्रजी वाक्यात शब्दांची तशीच स्थानिक किंमत असते, एवढं तिला सांगा. मराठीत शब्द आपली किंमत प्रत्ययाच्या रूपाने स्वतःबरोबर घेऊन फिरतो, इंग्रजीत ती जागेवरून मिळते. आणि मग ‘इट इज रेनिंग’मधल्या ‘इट’चा उलगडाही होतो. २०५ मधलं शून्य काही मोजत नाही, पण काढून टाकलं तर २५ होतात. इंग्रजीच्या साध्या विधानात क्रियापदाच्या आधीची जागा मोकळी ठेवायची पद्धत नाही. पाऊस पडताना कोणी काही करत नसलं तरी तिथे कोणीतरी लागतं, म्हणून ‘इट’ येऊन ती जागा धरतं. तुमच्या नातीने तिथे कोरं सोडलं, कारण ‘इट’ काही करत नाही हे तिला बरोबर दिसलं. मराठीत आपण ‘आले’, ‘जेवलीस?’ असं नुसत्या क्रियापदावर भागवतो, कारण कोण हे त्या क्रियापदातच कळतं. इंग्रजीतलं ‘केम’ एकटं उभं राहिलं तर कोण आलं त्याचा पत्ता लागत नाही.

आता व्याख्येबद्दल. ‘क्रिया करतो तो कर्ता’ हे तुम्ही मनाने बनवलेलं नाही. ‘स्वतन्त्रः कर्ता’, म्हणजे क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, असं म्हणणाऱ्या संस्कृत व्याकरणकार पाणिनीपासून ती अर्थाची परंपरा आपल्याकडे चालत आली आहे, आणि शाळेतली इंग्रजी पुस्तकंही मुलांना पहिल्या धड्यात साधारण हेच सांगतात. ‘मीना ईट्स पोहा’ असेल तिथे ते चालतं. पण ‘शी हॅज फीवर’मध्ये ती काय करते? ‘द ग्लास ब्रोक’मध्ये ग्लासने काय केलं? ‘आय गॉट अ लेटर’मध्ये मी तर नुसती बसून आहे, केलं ते पोस्टमनने. तरी इंग्रजीच्या हिशेबाने शी, ग्लास आणि आय हेच सब्जेक्ट. तुम्हाला आठवत असेल, ‘रामेण फलं खाद्यते’ (रामाकडून फळ खाल्लं जातं) म्हटलं तरी पाणिनीच्या लेखी राम कर्ताच राहतो, तृतीया लागली म्हणून त्याचं कर्तेपण जात नाही. इंग्रजीत मात्र ‘द मँगो वॉज ईटन’ म्हटलं की सब्जेक्टची जागा आंब्याला मिळते. आपला कर्ता आणि इंग्रजीचा सब्जेक्ट पुष्कळदा एकच असतात, दरवेळी नसतात. म्हणून मी असं सुचवेन की इंग्रजीचा अभ्यास चालू असताना ‘सब्जेक्ट’, ‘व्हर्ब’, ‘ऑब्जेक्ट’ हेच शब्द वापरा आणि बाकी सगळं समजावणं खुशाल मराठीत करा. कर्ता, कर्म हे शब्द मराठीच्या आणि पुढे संस्कृतच्या तासासाठी राखून ठेवा.

मग ओळखायचं कसं? सुरुवात व्हर्बपासून करा, सब्जेक्टपासून नको. तिने ‘सिट’ला सब्जेक्ट केलं, कारण पहिला शब्द म्हणजे सब्जेक्ट असा अंदाज तिने बांधला असावा. व्हर्ब सापडल्याशिवाय डावी-उजवी बाजूच ठरत नाही.

व्हर्ब शोधायला ‘काल’ वापरा. तेच वाक्य कालचं करायला सांगा आणि कोणता शब्द बदलला ते बघायला सांगा. बर्ड्स फ्लाय, काल बर्ड्स फ्लू. बदललं ते फ्लाय, म्हणजे इथे ती माशी नाही. आय लाइक मँगोज, काल लाइक्ड. इट इज रेनिंग, काल वॉज रेनिंग. इथे ‘इज रेनिंग’ मिळून एक व्हर्ब आहे हेही तिला दिसेल. पुट, कट, हिट असे थोडे शब्द काल झाला तरी बदलत नाहीत. तिथे शी लावून पाहायचं, शी पुट्स, शी कट्स, आणि जो शब्द ‘स’ घेतो तो व्हर्ब.

व्हर्ब सापडलं की त्याच्या डावीकडे बघायचं. तिथे जो बसलाय तो सब्जेक्ट, मग तो काही करो वा न करो. खात्री करायची असेल तर नामाच्या जागी सर्वनाम ठेवा. जुन्या विभक्तीची खूण इंग्रजीत आता मुख्यतः सर्वनामांतच उरली आहे: आय आणि मी (इंग्रजीतलं मी, म्हणजे ‘मला’), ही आणि हिम, शी आणि हर, वुई आणि अस, दे आणि देम. ‘रवी सॉ मीना’चं काय होतं? ‘ही सॉ हर.’ डावीकडे ही आला, उजवीकडे हर आली. ‘आय लाइक मँगोज’चं ‘आय लाइक देम’ होतं, ‘आय लाइक दे’ होत नाही. म्हणजे मँगोज सब्जेक्ट नाहीत. तुम्हाला विभक्तीची सवय असल्यामुळे ही कसोटी तुम्ही इतर कोणाहीपेक्षा चांगली शिकवाल. यू आणि इट तेवढे दोन्हीकडे सारखेच राहतात. त्यांच्याबाबतीत जागाच बघायची.

सब्जेक्टसाठी आणखी एक युक्ती आहे, ती खेळात घ्या. एकाचे अनेक करा. बर्ड फ्लाइज, बर्ड्स फ्लाय. डावीकडचं बदललं की व्हर्ब बदललं. ‘मीना ईट्स अ मँगो’मध्ये दहा आंबे केले तरी ईट्स तसंच राहतं. इथे आपल्या मुलांची खरी अडचण भूतकाळात येते. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं. मराठीत खाणारी तीच राहून क्रियापद खाल्लेल्या वस्तूमागे जातं. हिंदीत आम खाया, रोटी खाई. ज्या मुलीच्या दोन्ही भाषा भूतकाळात कर्माला एवढा मान देतात तिला इंग्रजीतलं ‘एट’ फार वेगळं वाटत असणार: आय एट, शी एट, दे एट, पुढे आंबा असो की पोळी. हे दोन्ही नमुने तिच्यासमोर शेजारीशेजारी लिहून दाखवा. ज्या मुलांना घरी मराठी नीट येते त्यांना फरक पटकन दिसतो. ज्यांची मराठीच निसटत चालली आहे त्यांना शेजारी ठेवायला काही उरत नाही.

उजवीकडे काय, हा भाग थोडक्यात सांगते. व्हर्बनंतर ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असं विचारायचं. उत्तर आलं तर ऑब्जेक्ट आहे, नाही आलं तर नाही. प्रत्येक वाक्यात ऑब्जेक्ट असायलाच हवं असा हट्ट मुलांचा असतो, कारण वहीत तीन रकाने आखलेले असतात आणि रिकामा रकाना म्हणजे चूक असं त्यांना वाटतं. तिला सांगा, तिथे बिनधास्त आडवी रेघ मार. अकर्मक क्रियापदं आपल्याकडेही आहेतच, झोपणं, पडणं, हसणं. इंग्रजीत पुष्कळदा एकच व्हर्ब दोन्ही प्रकारे चालतं: ‘शी सिंग्ज’ आणि ‘शी सिंग्ज भजन्स’, ‘ही रन्स’ आणि ‘ही रन्स अ शॉप’. ‘कुठे?’, ‘कधी?’ या प्रश्नांची उत्तरं ऑब्जेक्ट नसतात, म्हणून ‘आय गो होम’मधलं होम ऑब्जेक्ट नाही आणि ‘सिट डाउन’मधलं डाउनही नाही. आणि ‘बाबा इज टॉल’मधल्या टॉलला, ‘मीना इज अ डॉक्टर’मधल्या डॉक्टरला ऑब्जेक्ट म्हणायचं नाही, ते डावीकडच्याच माणसाबद्दल सांगतात. आपण त्याला विधानपूरक म्हणतो.

‘सिट डाउन’ हे एकच प्रकरण असं आहे की जिथे मराठी जशीच्या तशी उपयोगी पडते. ‘बस’ म्हटलं की ‘तू’ न बोलता कळतो. इंग्रजीतही ‘यू’ न बोलता कळतो. आज्ञा करताना इंग्रजी ती डावी जागा रिकामी ठेवू देते, म्हणून तिथे कंसात यू लिहायचं.

हे सगळं तोंडी सांगून भागणार नाही, तिच्या हाताला काम हवं. त्यासाठी एक जुनी पद्धत आहे. अमेरिकेत अलॉन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या दोघांनी १८७७ मध्ये ती पुस्तकातून मांडली आणि तिथल्या शाळांत ती कित्येक पिढ्या चालली. पाटीवर एक आडवी रेघ ओढायची. तिच्यावर डावीकडे सब्जेक्ट, मग व्हर्ब. दोघांच्या मध्ये आडव्या रेघेला छेदून खाली जाणारी उभी रेघ. व्हर्बनंतर ऑब्जेक्ट असेल तर आणखी एक उभी रेघ, पण ती आडव्या रेघेवरच थांबते, खाली उतरत नाही. टॉल किंवा डॉक्टर असेल तर तिथे उभ्या रेघेऐवजी सब्जेक्टकडे झुकलेली तिरकी रेघ. ‘बर्ड्स फ्लाय’ला एकच उभी रेघ येईल. ‘मीना ईट्स पोहा’ला दोन. ‘इट इज रेनिंग’ला एकच, आणि डावीकडे आपलं ‘इट’. ‘सिट’च्या डावीकडे कंसात यू. डाउनसारखे शब्द व्हर्बच्या खाली तिरक्या रेघेवर लटकवायचे. रोज पाच वाक्यं पुरेत, आणि ती तिच्या घरातली असू द्या: आजी मेक्स चहा, बाबा ड्राइव्ज, वुई लाइक सेव, मम्मी इज टायर्ड. व्याकरणाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे मला कितीतरी बरं वाटतं, कारण रेघ कुठे ओढायची हे तिला स्वतः ठरवावं लागतं.

‘आय पोहा ईट’साठी रेघा उपयोगी नाहीत, तिथे चिठ्ठ्या करा. एकेका चिठ्ठीवर एकेक इंग्रजी शब्द लिहून तिला रांगेत लावू दे. कॅट, डॉग आणि सॉ दिले की दोन वाक्यं होतात. त्यांची चित्रं काढायला सांगा. मग तेच मराठीत चिठ्ठ्यांवर लिहा, मांजराने, कुत्रा, पाहिला, आणि कसंही लावलं तरी चित्र बदलत नाही हे तिचं तिला सापडू द्या. तुम्ही आधी सांगू नका.

आता सूनबाईंकडे. त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे, काकू, आणि ते तुम्ही त्यांच्याजवळ मान्य करावं असं मला मनापासून वाटतं. घोळ मराठीतून आला हे खरं आहे. वर सगळीकडे मी तेच दाखवलं. उपायाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. घरात मराठी बंद केल्याने तिच्या मनातली मराठी रचना जाणार नाही, कारण तीच रचना हिंदीतून रोज कानावर पडणार आहे. जाईल ती फक्त मराठी. पुण्यामुंबईच्या घरात इंग्रजी शिरली तरी दाराबाहेर पाट्यांवर, रिक्षात, भाजीवाल्याकडे मराठी भेटते. इंदूरमध्ये राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत कुठेही उतरा, व्यवहार हिंदीत. होळकरांच्या काळापासून तिथे रुजलेल्या घरांनी आपली भाषा स्वयंपाकघरात, देवघरात आणि गणपतीच्या दहा दिवसांत टिकवली आहे. तुमच्या नातीसाठी मराठीचं घर म्हणजे बहुतांशी तुम्हीच आहात. आणि घरात इंग्रजी बोलायचं ठरलं की काय बोललं जातं तेही बघा: कम हिअर, ईट फास्ट, डू होमवर्क. दिवसभर थकून आलेली माणसं परक्या भाषेत हुकूमच देतात, गोष्टी सांगत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. तुमची नात इंग्रजी माध्यमात आहे, ते आता असू द्या. पण मग तिला घरच्या भाषेतून समजावणारं माणूस घरात असणं जास्तच मोलाचं.

ट्यूशनला माझा सरसकट विरोध नाही. सूनबाईंना संध्याकाळी उसंत नाही आणि तुम्हाला इंग्रजी उच्चारांची खात्री नाही, असं असेल तर लावायला हरकत नाही. फक्त लावण्याआधी त्या शिक्षिकेला एक प्रश्न विचारा: ‘इट इज रेनिंग’मधला इट मुलांना कसा समजावता? ‘ते पाठ करून घेतो’ असं उत्तर आलं तर ते पैसे वाचवा. दोन मिनिटं थांबून, एखादं उदाहरण घेऊन त्या सांगू लागल्या तर नात तिथे रमेल.

सूनबाईंशी बोलाल तेव्हा नात समोर नको. आणि ‘माझ्या मराठीत काय वाईट आहे’ इथून सुरुवात करू नका. त्यांनी लाल शेरे पाहिलेत आणि त्या घाबरल्या आहेत, मराठीशी त्यांचं वैर नाही. असं म्हणून पाहा: ‘अगं, तू म्हणतेस ते खरं आहे, तिचा घोळ मराठीमुळेच होतोय. कुठे होतोय ते मला आता कळलं. मी ते समजावते, पण इंग्रजी वाचून दाखवायला मला तू हवीस.’ रात्री झोपताना दहा मिनिटं एखादी इंग्रजी गोष्ट त्यांनी मोठ्याने वाचावी. इंग्रजीचा क्रम शेवटी कानातून बसतो, आणि ते काम तुमच्यापेक्षा त्या सहज करतील. मुलालाही गप्प बसू देऊ नका. चिठ्ठ्या त्याने लिहाव्यात. आपल्या इंग्रजीबद्दल बापही तेवढाच गंभीर आहे हे मुलीला दिसू दे, नाहीतर तिला वाटेल की हे आजी आणि मम्मीचं भांडण आहे आणि ते तिच्यामुळे चाललंय. या वयाच्या मुलींना असं फार लवकर वाटतं.

शाळेतल्या बाईंना सूनबाईंनी एकदा भेटावं, तक्रार घेऊन नव्हे. चौथीच्या पातळीवर बाईंना टॉल, डाउन, होम अशा शब्दांवर काय लिहिलेलं हवंय, कंसातला यू त्या ग्राह्य धरतात का, एवढं विचारून यावं. शाळेशाळेत यात फरक असतो आणि गुण त्यांच्या हातात आहेत. चाचणीचा तो कागद सोबत न्यावा. त्या वर्गातल्या किती घरांत ‘मुझे आम अच्छे लगते हैं’ बोललं जात असेल याचा विचार केला, तर मँगोजला सब्जेक्ट करणारी तुमची नात एकटी नसणार, आणि बाईंनाही हे कळलं तर त्या वर्गात सगळ्यांनाच समजावतील.

पुढचं पान शाळेकडून येण्याआधी तिला ‘थँक यू’ द्या. रोज दहादा म्हणते, पण त्यात सब्जेक्ट कोणता, व्हर्ब कोणतं आणि यू कोण, हे तिने कधी पाहिलं नसेल. आधी काल लावून बघू दे, मग रेघ ओढू दे, आणि डावीकडच्या कंसात तिने काय लिहिलं ते मला नक्की कळवा.